परदेशी नोकरी, विमा आणि ‘सर्व्हिसचे पैसे’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यात आखातात माणूस नाही असं घर शोधावं लागतं. मी स्वतः तिकडे एका कंत्राटी कंपनीच्या पगार विभागात बरीच वर्षं काढली. परत आल्यापासून संध्याकाळी ओसरीवर लोक कागद घेऊन येतात. कुणाच्या हातात निघायच्या आधीचा करार असतो, कुणाच्या हातात परतल्यानंतरचं फायनल सेटलमेंट. पहिल्या प्रकारच्या माणसासाठी पुष्कळ करता येतं, दुसऱ्यासाठी थोडंच. म्हणून ही प्रश्नोत्तरं मुख्यतः अजून विमानात न बसलेल्यांसाठी आहेत. कायद्यातल्या रकमा आणि मुदती बदलत असतात, तेव्हा दावा ठोकण्याआधी ताजा आकडा बघून घ्या.

आखातात नोकरी केली तर म्हातारपणी पेन्शन मिळते का?

नाही. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन या सहाही देशांतल्या पेन्शन योजना त्यांच्या नागरिकांसाठी आहेत. परक्या कामगाराला मिळतात त्या साधारण तीन गोष्टी: नोकरी संपताना एकरकमी पैसे (यांनाच ‘सर्व्हिसचे पैसे’ म्हणतात), कामावर इजा झाली तर भरपाई, आणि मालकाने काढलेला आरोग्य विमा. वीस वर्षं वाळवंटात काढून आलेल्या माणसाला एका चेकवर हिशोब मिळतो आणि तिथे संबंध संपतो. हे आधीच माहीत असलं तर माणूस पहिल्या पगारापासून वेगळं वागतो.

माझ्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ आहे. हा काय प्रकार?

ईसीआर म्हणजे ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे हा शेरा असतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे अशा माणसाला १८ ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी काढावी लागते. त्या यादीत आखाताचे सहाही देश आहेत, शिवाय मलेशिया, थायलंड, इराक, जॉर्डन वगैरे. परवानगी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून, परवानाधारक एजंटामार्फत किंवा थेट मालकाकडून आलेल्या मागणीवर निघते. मुंबईत यासाठी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चं कार्यालय आहे.

लोकांना हा शेरा कमीपणाचा वाटतो. पण या शेऱ्यामुळेच तुमचा करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि विमा सक्तीने काढला जातो. तीस वर्षांखालच्या बाईला मात्र या वर्गात परवानगी मिळत नाही, आणि त्यावरची पळवाट म्हणून व्हिजिट व्हिसा सुचवणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नका.

हा सक्तीचा विमा म्हणजे प्रवासी भारतीय बीमा योजना का? त्यात काय मिळतं?

हो, तीच. २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बरीच सुधारली. हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये किंवा तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर. एवढ्या पैशात गावात दोघांची मटणथाळी येत नाही.

अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख रुपये. मालक बदलला, शहर बदललं तरी संरक्षण चालू राहतं, ही २०१७ ची मोठी सुधारणा. आजारपण आणि इजेच्या उपचारांसाठी १ लाखापर्यंत, त्यात एका वेळच्या इस्पितळभरतीला ५० हजारांची मर्यादा. नोकरीवरून कोर्टकचेरी करावी लागली आणि दूतावासाने तसं प्रमाणित केलं तर ४५ हजारांपर्यंत कायदेशीर खर्च. या शेवटच्या कलमाचा मी अनेकांना उल्लेख केला. एकालाही ते आधी ठाऊक नव्हतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, मुदत संपली की विमा संपतो. तीन वर्षांनी सुट्टीवर आलेला माणूस नवं घड्याळ, नवा मोबाईल दाखवतो, पण पॉलिसीचं नूतनीकरण विचारलं की गप्प. ते ऑनलाइन होतं. दुसरी, नॉमिनी. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं, पुढे बायको-मुलं येतात आणि नाव तसंच राहतं. मग सासू-सून एका कागदावर भांडतात.

झोपेत हार्ट अटॅक आला तर १० लाख मिळतात?

मिळत नाहीत. शब्द ‘अपघाती’ आहे. आखातात तिशी-चाळिशीतली माणसं उन्हात काम करून रात्री झोपतात आणि सकाळी उठत नाहीत, हे तिथे राहिलेल्या प्रत्येकाने जवळून पाहिलंय. डॉक्टर नैसर्गिक मृत्यू लिहितो आणि विमा कंपनी हात वर करते. घरच्यांना वाटतं आपल्याला फसवलं. फसवलेलं नसतं, पॉलिसीच तेवढी आहे.

यावर स्वस्तातला उपाय म्हणजे भारतातल्या बँक खात्यावर प्रधानमंत्री जीवनज्योती विमा चालू ठेवणं. वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तर २ लाख. १८ ते ५० वयात घेता येतो, अनिवासी भारतीयालाही चालतो, दावा रुपयांत मिळतो. घेतल्यापासून पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर मृत्यूला संरक्षण नसतं. हप्ता खात्यातून आपोआप जातो, पण खात्यात पैसे हवेत. दोन लाख फार नाहीत, मान्य. ज्याला जमेल त्याने मोठा मुदत विमा घ्यावाच, आणि परदेशात कामाला जाणार हे अर्जात लपवू नये.

मी दहावी पास आहे, ईसीआर नाही. मला हा विमा?

सक्तीचा नाही, त्यामुळे आपोआप मिळतही नाही. गंमत अशी की नववी नापास मेसनचं संरक्षण कागदावर लागतं आणि आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन उघडा जातो. तुम्हाला स्वतःच अपघात विमा बघावा लागेल. ई-मायग्रेटवर स्वेच्छेने नोंदणी करता येते, ती करा. पुढे काही बिनसलं तर दूतावासाकडे तुमचं नाव-गाव निदान असतं.

एजंट म्हणतो व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून देतो.

नको. करार नाही, परवानगी नाही, विमा नाही. त्यातून इजा झाली तर तुम्ही कामगार होतात हेच सिद्ध करावं लागतं. ‘आझाद व्हिसा’चंही तेच: कागदावर एक कफील म्हणजे व्हिसा देणारा मालक, काम दुसरीकडे. पहिल्याला हप्ता द्यायचा आणि दुसऱ्याकडून सर्व्हिसचे पैसे मागायचा हक्क नाही, असला व्यवहार.

एजंट किती पैसे घेऊ शकतो?

कायद्याने ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी. पावतीसकट. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासायला दोन मिनिटं लागतात.

करारात सगळ्यात आधी काय बघू?

‘बेसिक’. मी पगारपत्रकं केलेली आहेत, म्हणून हे जरा लांब सांगतो.

एजंट तुम्हाला एकूण आकडा सांगतो. समजा दुबईत १,८०० दिरहम. पण करारात तो फोडलेला असतो: बेसिक इतका, घरभाडं भत्ता इतका, जेवण इतकं, ‘इतर भत्ता’ इतका. महिन्याच्या हातातल्या पैशाला या फोडणीने फरक पडत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. फरक पडतो तो नोकरी संपते तेव्हा, कारण अमिरातीत सर्व्हिसचे पैसे बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही. बेकारीच्या विम्याचा आणि जिवावर बेतल्यास मिळणाऱ्या भरपाईचा हिशोबही बेसिकवरच.

हिशोब करून दाखवतो. आठ वर्षं नोकरी झाली. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक, म्हणजे १०५ दिवस. पुढच्या तीन वर्षांना दर वर्षी ३० दिवस, म्हणजे ९०. एकूण १९५ दिवस. बेसिक १,२०० असेल तर दिवसाला ४० दिरहम, आणि हिशोब ७,८००. तोच बेसिक ८०० लिहिला असेल तर ५,२००. पगार दोघांचा १,८००, काम एकच, खोली एकच, आणि विमानतळावर निघताना खिशात २,६०० दिरहमांचा फरक. कंपन्या बेसिक छोटा ठेवतात तो उगाच नाही. मी ज्या खुर्चीत बसायचो तिथे हे रोज व्हायचं, आणि त्या वेळी मला त्यात वावगंही वाटत नव्हतं.

तेव्हा घासाघीस करायची तर एकूण पगारावर शंभर दिरहम वाढवून मागण्यापेक्षा बेसिक वाढवून मागा. निघायच्या आधीच. तिथे पोहोचल्यावर वेगळा करार पुढे ठेवला आणि बेसिक कमी दिसला तर सही करण्याआधी मूळ कराराची प्रत दाखवा. ती जवळ नसेल तर बोलायला जागा उरत नाही.

वेगवेगळ्या देशांत सर्व्हिसचे पैसे कसे मोजतात?

अमिरातीचं वर आलं. तिथे किमान एक वर्ष पूर्ण हवं, एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही, आणि नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायला हवेत. ‘राजीनामा दिलास म्हणून अर्धे’ ही जुनी भानगड २०२२ मध्ये नवा कायदा लागू झाल्यापासून गेली. मुकादम अजून जुनंच सांगतात.

सौदीत पहिल्या पाच वर्षांना अर्धा-अर्धा महिना आणि पुढे वर्षाला पूर्ण महिना. तिथे शेवटचा पगार भत्त्यांसकट धरतात, हे अमिरातीपेक्षा बरं. पण राजीनाम्याची कात्री आहे: दोन वर्षांआत सोडलं तर शून्य, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश, दहानंतर पूर्ण. २,००० रियाल पगारावर आठ वर्षांचे ११,००० होतात. स्वतः राजीनामा दिला तर ७,३३३. म्हणून दहा वर्षांना चार महिने उरले असताना रागाच्या भरात कागद फेकू नका.

कुवेतमध्ये महिन्याच्या पगारावर असलेल्याला पहिल्या पाच वर्षांना १५ दिवस, नंतर वर्षाला महिना, आणि कमाल दीड वर्षाचा पगार. राजीनाम्यावर तिथेही कपात आहे. कतारमध्ये एक वर्षानंतर वर्षाला किमान तीन आठवड्यांचा बेसिक. ओमानमध्ये २०२३ च्या कामगार कायद्याने वर्षाला एक महिन्याचा बेसिक झाला.

बहरीनने मात्र वेगळी वाट धरली, आणि मला ती सगळ्यात पसंत आहे. मार्च २०२४ पासून मालकाला हे पैसे दर महिन्याला सरकारी सामाजिक विमा संस्थेत भरावे लागतात: पहिली तीन वर्षं पगाराच्या ४.२ टक्के, पुढे ८.४ टक्के. म्हणजे कंपनी बुडाली, मालक पळाला, तरी तुमचे पैसे तिच्या तिजोरीत अडकलेले नसतात. बाकी बहुतेक ठिकाणी ते मालकाच्या वहीत असतात आणि वही त्याच्याच कपाटात.

दुबईत माझ्याकडून महिन्याला ५ दिरहम मागतात. हे काय?

नोकरी गेल्यावरचा विमा. जानेवारी २०२३ पासून सक्तीचा. बेसिक १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५, त्यावर १०. सलग १२ महिने भरल्यावर नोकरी गेली तर बेसिकच्या ६० टक्के, जास्तीत जास्त तीन महिने. तुम्ही राजीनामा दिला किंवा शिस्तभंगावरून काढलं तर नाही. घरकामगारांना हा विमा लागू नाही. न भरणाऱ्याला ४०० दिरहम दंड आहे, आणि तो पुढे व्हिसाच्या कामात आडवा येतो. भरून टाका.

साइटवर पडलो, हात मोडला. खर्च कोणाचा?

मालकाचा. अमिरातीत उपचारांचा खर्च मालकाने करायचा, आणि बरं होईपर्यंत सहा महिने पूर्ण पगार, नंतरचे सहा महिने अर्धा. कामामुळे मृत्यू आला तर कुटुंबाला २४ महिन्यांचा बेसिक, तो १८,००० दिरहमपेक्षा कमी नाही आणि २ लाखांपेक्षा जास्त नाही. सौदीत मालक परक्या कामगारासाठी पगाराच्या २ टक्के ‘गोसी’ या तिथल्या सामाजिक विमा संस्थेत भरतो, आणि इजेची भरपाई तिथून येते. कामावर जाता-येतानाचा अपघातही त्यात धरतात.

पण हे सगळं तेव्हा, जेव्हा इजा ‘कामावरची’ म्हणून नोंदली गेली. इथेच गाडी अडते. सुपरवायझर म्हणतो, इस्पितळात सांग खोलीत पाय घसरला, कंपनीचं नाव खराब नको, तुला आपण बघून घेऊ. तो बघून घेत नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरने काय लिहिलं, पोलीस अहवालात काय आलं, यावर पुढचं सगळं ठरतं. तोंडात भाषा नसली तरी ‘काम’, ‘साइट’ हे शब्द तिथला मलबारी नर्सही समजतो. त्याच दिवशी फोटो काढा आणि सोबतच्या दोघांची नावं लिहून ठेवा.

साध्या आजारपणात पगार कापतात का?

अमिरातीत वर्षाला ९० दिवसांपर्यंत रजा: पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढचे ३० अर्धा, उरलेले ४५ बिनपगारी. सौदीत ३० दिवस पूर्ण, ६० दिवस तीन चतुर्थांश, ३० बिनपगारी. आरोग्य विम्याचा हप्ता मालकाने भरायचा असतो, तो पगारातून कापला तर चूक त्याची.

हिशोब न देताच विमानात बसवलं. आता गावाहून काही करता येईल?

येईल, पण घड्याळ चालू आहे. सौदी आणि कुवेतमध्ये नोकरी संपल्यापासून साधारण एक वर्षात दावा करावा लागतो. अमिरातीत ही मुदत २०२४ मध्ये दोन वर्षं झाली. २०२० च्या कोरोनात जे घाईघाईने परतले त्यांतल्या कित्येकांचे पैसे याच मुदतीत बुडाले. ‘सेठ पाठवेल’ म्हणत ते वाट बघत राहिले.

तक्रार परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंदवता येते. ती संबंधित दूतावासाकडे जाते आणि तिचा क्रमांक मिळतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकट क्रमांक १८०० ११ ३०९० आहे. परदेशात खटला चालवायचा तर कुणाला तरी मुखत्यारपत्र द्यावं लागतं, नोटरीपासून त्या देशाच्या वकिलातीपर्यंत शिक्के मारून. हे वेळखाऊ आणि खर्चाचं आहे. म्हणून निघण्याआधीच तिथल्या कामगार कार्यालयात, ज्याला सौदीत सगळे ‘मकतब अमल’ म्हणतात, तक्रार टाकून येणं हजारपटीने सोपं. आणि ‘सर्व हिशोब मिळाला’ या अरबी कागदावर पैसे खात्यात दिसल्याशिवाय सही नाही. नाहीच.

अडकलो, पैसे नाहीत, परतीचं तिकीट नाही. दूतावास काय करतो?

प्रत्येक दूतावासात भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. अडचणीतल्या माणसाची राहण्या-जेवणाची सोय, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट, वकिलाची मदत, पार्थिव पाठवणं हे त्यातून होऊ शकतं. परिस्थिती बघून देतात. दुबईच्या सहायता केंद्राचा फुकट क्रमांक ८०० ४६३४२. मालकाने ‘हुरूब’ टाकलं असेल, म्हणजे तुम्ही पळालात अशी नोंद केली असेल, तर लपून राहू नका. आधी दूतावास गाठा.

आधी पुण्यात नोकरी होती. माझ्या पीएफचं काय करू?

घाईने काढू नका. पीएफसोबत पेन्शन योजनाही असते, हे लोक विसरतात. दहा वर्षं नोकरी भरली असेल तर ५८ व्या वर्षी दरमहा पेन्शनचा हक्क आहे. दहा भरली नसतील तर पैसे काढण्याऐवजी ‘स्कीम सर्टिफिकेट’ घेता येतं. परतून पुन्हा नोकरी धरली की जुनी वर्षं नव्यात जोडली जातात. आखातात सात वर्षं काढून परतलेल्या चाळिशीच्या माणसाला ही जोड फार मोलाची ठरते.

व्यवहारातली खरी अडचण वेगळीच. आधारला जोडलेलं सिम तिकडे गेल्यावर रिचार्ज होत नाही, बंद पडतं, आणि मग पीएफच्या साइटवर ओटीपी येत नाही. तो क्रमांक घरात चालू ठेवा.

कंपनीच मला जर्मनीला किंवा जपानला पाठवते आहे. दोन्हीकडे कापणार का?

कापायला नको. भारताचे काही देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहेत. पहिला बेल्जियमशी, २००९ मध्ये लागू झाला. पुढे स्वित्झर्लंड, फ्रान्स, नेदरलँड्स, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, जपान, जर्मनी असे बरेच आले. भारतातली कंपनी इथे पीएफ भरत असेल तर पीएफ कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ मिळतं. ते दाखवलं की तिकडची कपात ठरावीक काळ माफ होते, बहुतेक करारांत पाच वर्षांच्या आसपास. अर्ज कंपनीमार्फत होतो, निघायच्या आधी मागे लागा.

आखाताच्या एकाही देशाशी असा करार नाही. अमेरिकेशीही नाही, म्हणून तिकडे गेलेल्या आपल्या पोरांचे पैसे कापले जातात आणि दहा वर्षं भरली नाहीत तर परत येत नाहीत.

जर्मनीत थेट तिथल्या मालकाकडे जातोय. ती कपात वाया जाते?

नाही, आणि हा प्रश्न आता मुद्दाम घ्यायला हवा. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि तिथलं बाडेन-वुर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल कामगार पाठवण्याचा करार झाला आणि नर्सिंग, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशा मुलांची जर्मन शिकण्याची धडपड सुरू झाली.

तिथे पगाराच्या १८.६ टक्के पेन्शन विम्यात जातात, निम्मे तुमचे, निम्मे मालकाचे. पाच वर्षं भरली की वय झाल्यावर पेन्शनचा हक्क येतो, आणि ती भारतातही मिळते. पाच वर्षं अपुरी पडली तर भारतातला पीएफ-पेन्शनचा काळ जोडून ती भरता येतात, ही कराराची किमया. जर्मनीत पुन्हा अजिबात जायचं नसेल आणि पाच वर्षांहून कमी भरलेलं असेल तर देश सोडल्यानंतर २४ महिन्यांनी फक्त तुमचा हिस्सा परत मागता येतो. मालकाचा तिथेच राहतो आणि ती वर्षंही पुसली जातात.

जपानचं तसंच, पण घाई जास्त: परतल्यापासून दोन वर्षांत एकरकमी पैसे मागावे लागतात, ते कमाल पाच वर्षांच्या हिशोबाने मिळतात, आणि घेतले की तो काळ पेन्शनसाठी धरत नाहीत. कमी वयात थोडी वर्षं केली आणि परत जायचं नाही असा मुलगा पैसे घेतो, ते समजण्यासारखं आहे. पुन्हा जायचा विचार असणाऱ्याने मात्र थांबावं.

आम्ही जहाजावरचे. आम्हाला यातलं काय लागू?

तुमचं तारू वेगळं. भारतीय खलाशांसाठी १९६६ च्या कायद्याने स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी आहे, त्याची संस्था मुंबईत आहे. भारताने २०१५ मध्ये सागरी कामगार करार स्वीकारला. त्याच्या नियमांप्रमाणे मालकाने जहाज वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी परत आणण्याचा खर्च आर्थिक हमीतून मिळायला हवा. त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर दिसेल असं लावलेलं असतं. चढल्यावर त्याचा फोटो काढून घरी पाठवा. दोन महिने पगार नाही आला तर ते ‘वाऱ्यावर सोडणं’ धरतात, सहा महिने थांबायची गरज नाही. हे लागू होतं ते करारपत्र आणि सीडीसी म्हणजे खलाशाचं अधिकृत पुस्तक असलेल्या खऱ्या नोकरीला. ओळखीतल्याने दिलेल्या ‘डायरेक्ट जॉइनिंग’ला नाही.

माणूस तिकडे वारला तर घरच्यांनी कुठून सुरुवात करायची?

मालकाकडून किंवा सोबत्याकडून नेमकं इस्पितळ आणि शहर कळून घ्या आणि दूतावासाला कळवा. मृत्यूचा दाखला, पोलीस अहवाल, पासपोर्ट रद्द करणं, दूतावासाची ना-हरकत या क्रमाने कागद होतात, मग पार्थिव मिळतं. तिथेच दफन करायचं असेल तर कुटुंबाचं संमतीपत्र लागतं. आमच्याकडच्या बऱ्याच मुस्लिम घरांतून ते जातं. रडारडीत लोक हे सगळं मालकावर सोपवतात, आणि पोलीस अहवालाची प्रत कुणी मागत नाही. ती मागाच. अपघात असेल तर १० लाखांचा दावा त्याच कागदावर आहे, आणि दूतावासाचा अपघाताचा दाखला विमा कंपन्या मान्य करतात. अमिरातीत वाहन अपघातात दुसऱ्याची चूक ठरली तर २ लाख दिरहमांची ‘दिया’, म्हणजे जिवाची भरपाई, वेगळी. थकलेला पगार, रजेचे पैसे आणि सर्व्हिस हेही वारसांचेच.

मग पेन्शनची सोय स्वतःच करायची?

हो. सरकारने २०१२ मध्ये आखाती कामगारांसाठी पेन्शन-विम्याची ‘महात्मा गांधी प्रवासी सुरक्षा योजना’ आणली होती. सभासदच आले नाहीत, ती बंद झाली. आता राष्ट्रीय पेन्शन योजनेत अनिवासी भारतीयाला १८ ते ७० वयात खातं काढता येतं. पीपीएफ आधीच चालू असेल तर मुदत पुरी होईपर्यंत भरत राहता येतं, परदेशात गेल्यावर नवं उघडता येत नाही. म्हणून निघण्याच्या आठवड्यात पोस्टात जाऊन पाचशे रुपयांनी का होईना, खातं उघडून ठेवा.

बाकी घर, बहिणीचं लग्न, भावाची रिक्षा हे होतंच. पण आमच्याकडे दोन मजली घर बांधून वीजबिलाला मुलाकडे हात पसरणारे चार तरी ‘दुबई रिटर्न’ मी ओळखतो.

घरी कुठले कागद ठेवून जाऊ?

जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय गेले. अशा वेळी खोलीतल्या बॅगेतले कागदही जळतात. तेव्हा घरी पासपोर्टची प्रत, व्हिसा, दोन्ही करार म्हणजे इथला आणि तिथला, विमा पॉलिसीचा क्रमांक, एजंटाची पावती, तिकडचं ओळखपत्र म्हणजे अकामा किंवा बतका, आणि मालकाचा पूर्ण पत्ता अरबी अक्षरांतसुद्धा. पगाराची चिठ्ठी दर महिन्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, तेवढीच खुशालीही कळते. बायकोच्या मोबाईलमध्ये ठेवलंत तर त्याच्या छापील प्रती बिस्किटाच्या डब्यातही ठेवा, आणि डबा कुठे आहे हे घरात किमान दोघांना ठाऊक असू द्या.